गोटा

गेल्या महिन्यात मी गोटा केला. मशीन नाही, वस्तरा मारून, तुळतुळीत. का केला? केला.

इथपर्यंत यायला सहा वर्षं लागली. डॉक्टर म्हणालेले की दिवसाला 50-100 केस गळणं नॉर्मल आहे, पण बाथरूमच्या जाळीतले माझे मोजायला बसलो असतो तर ऑफिस बुडालं असतं. मिनॉक्सिडिल लावून झालं (हे मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, साइड इफेक्ट म्हणून केस यायला लागले आणि पोटातून डोक्यावर गेलं. माझे केस काही आले नाहीत, बिलं बघून प्रेशर मात्र आलं). मग डाव्या कानावरून उजव्या कानाकडे अकरा केसांचा उड्डाणपूल बांधला, कोणी पंखा लावला की तो डायरेक्ट उभाच राहायचा. एका रविवारी म्हणलं बास.

सलूनवाला वस्तरा हातात घेऊन थांबला. "दादा, वडील...?"

"आहेत."

"मग मिशी ठेवतो. आई?"

"आहे रे बाबा."

"तिरुपती?"

"नाही."

त्याने आरशातून मागे बसलेल्या गिऱ्हाइकाकडे असं काही बघितलं ना, की त्या दोघांनी माझा घटस्फोट तिथेच करून टाकला.

घरी आई दारातच, "आम्ही दोघं धडधाकट असताना!" बाबा तीन दिवस बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी पेपरमधून डोकं वर न काढता एवढंच म्हणाले, "मी अजून आहे."

माझी चूक अशी झाली की पहिला आठवडाभर मी लोकांना कारणं देत बसलो. उकडतं म्हणलं तर एसी लाव. गळतात म्हणलं तर कांद्याचा रस, भृंगराज, आणि वहिनींचा एक भाऊ, ज्याने ट्रान्सप्लांट केलंय आणि आता लग्न ठरलंय, त्याचे आधीचे नंतरचे फोटो. कारण दिलं की लोक लगेच त्यावर उपाय घेऊन येतात, म्हणजे आपण कम्प्लेंट नोंदवलीये असंच त्यांना वाटतं! म्हणून कारणं बंद केली. कोणी विचारलं की "केला", एवढंच. "अरे महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, येतील परत," असा धीर द्यायचे, त्यांना मी हेही सांगितलं नाही की ते येऊ नयेत म्हणून दर रविवारी पैसे मोजतोय.

पण कारण नाही दिलं तर लोक स्वतःचं घालतात. ऑफिसात दोघांनी लाडवासाठी हात पुढे केला, एकाने हळूच "रिपोर्ट काय आले" विचारलं. आणि शनिवारी सोसायटीचे चेअरमन काका, पांढरा शर्ट, पडलेला चेहरा, बेल वाजवून दारात उभे. मी आतून येईपर्यंत बाबांनी दार उघडलेलं.

काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पांढरेफटक पडले.

"या, या," बाबा म्हणाले, "मीच." चहा झाला, पार्किंगचा विषय झाला, लिफ्टच्या मेंटेनन्सवरून वाद पण झाला. उठताना काकांना राहवेना.

"पण मग नक्की गेलं कोण?"

मी तोंड उघडणार एवढ्यात बाबा म्हणाले, "केस."

"अरेरे," काका सवयीने म्हणाले, आणि चपला घालायला खाली वाकले.