पेंढ्यावरचा युरिया आणि दुधातले ‘विष’

भातकापणी आटोपून खळ्याशेजारी उडव्या उभ्या राहू लागल्या की कोकणातल्या गावागावांत मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. “युरिया हे विष आहे, युरिया मारलेला पेंढा खाऊन गुरे मरतात, उरलीसुरली विषबाधा दुधातून माणसाला होते, आणि पेंढा सकस करायचा तर मीठ-गुळाच्या पाण्यानेही तोच गुण येतो,” असा त्याचा आशय आहे.

युरिया विषारी ठरू शकतो, हे खरेच आहे. गाय युरिया कालवलेल्या बादलीतले पाणी प्याली किंवा फुटलेली गोणी चाटत राहिली, तर पोटात एकाएकी अमोनिया तयार होऊन रक्तात भिनतो, जनावर थरथरते, लाळ गाळते, फुगते आणि तासा-दोन तासांतही दगावू शकते. मात्र प्रक्रिया केलेल्या पेंढ्याची गोष्ट निराळी आहे. शंभर किलो सुक्या पेंढ्याला चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने थराथरावर शिंपडायचा, प्रत्येक थर पायाने तुडवायचा आणि वर ताडपत्री घालून कडा जांभ्याच्या चिऱ्यांनी दाबून रास एकवीस दिवस बंद ठेवायची, अशी ती पद्धत आहे. त्या काळात पेंढ्यावरचे सूक्ष्मजीव युरियाचे विघटन करून अमोनिया मोकळा करतात आणि हा अमोनिया लिग्निनची (काडी कडक करणाऱ्या, न पचणाऱ्या द्रव्याची) हेमिसेल्युलोजवरची (काडीतल्या पचू शकणाऱ्या तंतूंवरची) पकड सैल करतो. म्हणजे तीन आठवड्यांनी राशीत युरिया फारसा उरलेलाच नसतो. प्रथिनांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते आणि पचनीयताही वाढते. ताडपत्री उचलताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो, पिवळा पेंढा तपकिरी झालेला दिसतो आणि काडी बोटांत मऊ लागते. तो पसरून तासभर वारा लागू दिला की वास ओसरतो. धोका आहे तो सकाळी शिंपडून संध्याकाळी गव्हाणीत टाकण्याच्या घाईत, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात.

गुरे मेल्याच्या गोष्टी म्हणूनच तपासून घ्याव्यात. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये, कारण त्यांचे पोट अजून तयार झालेले नसते. मोठ्या जनावरांनाही आठवडाभर साध्या पेंढ्यात मिसळत सवय लावावी लागते. हे नियम मजकुरात कुठेच नाहीत.

दुधाचा मुद्दा तर सर्वांत कच्चा आहे. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो. पोटातला अमोनिया सूक्ष्मजीव आपल्या प्रथिनांसाठी वापरतात, उरलेल्याचा यकृत युरिया करते आणि त्यातला काही लाळेवाटे परत पोटात येतो, तर थोडा रक्तातून दुधात उतरतो. भेसळखोर दुधात वरून युरिया ओततात, तो गुन्हा गोठ्यातला नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करून मजकूर लिहिणाऱ्याने भीती तेवढी वाढवली आहे.

मीठ-गुळाच्या पाण्याने पेंढा चवदार होतो आणि गाय तो आवडीने खाते, इतकेच. काडीतले बंध त्याने सुटत नाहीत.

अर्थात युरियाही जादू नाही. भाताच्या पेंढ्यात सिलिका (वाळूतले न पचणारे द्रव्य) भरपूर असते आणि ती या प्रक्रियेने जात नाही; पेंढ्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे कॅल्शियमही अडकते, जनावराच्या अंगी लागत नाही, म्हणून खनिज मिश्रण द्यावेच लागते. रानात मोकळी चरणारी, दूध न देणारी गाय असेल, तर हा खटाटोप कशाला करावा, असे मलाही वाटते. जानेवारी ते मेपर्यंत हिरवा चारा नसलेल्या दुभत्या गाईसाठी मात्र हिशेब बदलतो: 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांना मिळत असल्याने शंभर किलो पेंढ्यामागे युरियाचा खर्च पंचवीस रुपयांच्या आत राहतो.

आमच्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी आहे. परतीच्या पावसात भिजलेला, काळा पडलेला पेंढा युरियाने सुधारत नाही, आणि फाटकी ताडपत्री घातली तर चांगल्या पेंढ्याचीही तीच गत होते. म्हणून राशीला हात लावण्याआधी ताडपत्री उन्हाकडे धरून भोके बघून घ्यावीत.