चिरंजीवांना कोणत्या देशात धाडावं?

मुलाला एमएससाठी कुठे पाठवायचं हे ठरवताना फी, व्हिसा वगैरे किरकोळ बाबी मागाहून बघाव्यात. आधी कुठली पोरं किती नशा करतात याचा हिशोब मांडावा. त्याला तलावपाळीचा कट्टा उत्तम. तळहातावर तंबाखूला चुना लावत बसलात तर आकडे भराभर सुचतात.

कॅनडावर काट मारा. तिथे २०१८ पासून गांजा कायदेशीर. जर्मनीने २०२४ च्या एप्रिलात सज्ञान माणसाला २५ ग्रॅम बाळगायची मुभा दिली, म्हणजे तीही गेली. पोर्तुगालची तर कमाल! २००१ पासून तिथे स्वतःपुरता माल सापडला तर तुरुंगात न टाकता आयोगापुढे बसवून विचारपूस करतात. विचारपूस! आपल्याकडे कानाखाली असते. सिंगापूर मात्र झकास. ५०० ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी केली की फाशी. ‘इथेही हेच हवं’ म्हणत टपरीवरून पुडी मागवा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद असल्याने ती मोजण्यात येत नाही.

सगळ्यात सोयीची अमेरिका. तिथे कॉलेजच्या मुलांना दर वर्षी, नाव न फोडण्याच्या बोलीवर विचारतात. २०२० साली ४४ टक्क्यांच्या आसपास मुलांनी वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगून टाकलं. आणि आपण? २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत गांजा, चरस, भांग सगळं मिळून तीन टक्क्यांच्या आत! त्यात दहा वर्षांच्या पोरापासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे धरलेत, हे मात्र कट्ट्यावर काढू नये. रंगाचा बेरंग होतो. शिवाय त्यातला मोठा वाटा भांगेचा, आणि भांग कुठे नशा? १९८५ च्या कायद्याने झाडाचा फुललेला शेंडा धरला, नुसतं पान सोडून दिलं.

पाहणीवाला कधी नौपाड्यात तुमच्या दारी आलाच, तर चिरंजीवांना सोफ्यावर आई आणि आजीच्या मधोमध बसवा.

“कधी काही घेतलंस?”

“नाही.”

शून्य टक्के. अमेरिकेला हे अजून साधलेलं नाही. तसंही गांजा नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा देशात फॉर्मवर ‘हो’ला खूण करील, तो एमएसला काय जाणार?

आणि शनिवारी चिरंजीव येऊरहून रात्री साडेअकराला लालभडक डोळ्यांनी परतले, तर उगाच विचारपूस करू नका, आपण काही पोर्तुगीज नव्हे. डोळे आले असतील. साथ आहे सध्या.