"मास्तर, हाऊ कुत्रा नही, लांडगा शे!"

पुण्याचा भाचा मार्चमध्ये साक्रीला आला तो बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा घेऊन. पिल्लाला किती मोजले ते ऐकून आमच्या हिने दोनदा विचारलं, "म्हशीचे ना रे?"

कापूस उपटून रान मोकळं झालेलं, खतासाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. संध्याकाळी कुत्र्याला तिकडे नेलं. मेंढ्या दिसल्या आणि गडी पार बदलला. मान खाली, पोट ढेकळांना टेकलेलं, एक पाय अधांतरी, डोळा हलेना. भुंकणं तर नाहीच. कळप एकदम दाटला. ठेलारी बाबा काठी घेऊन धावत आले, "मास्तर, आवरा याले! हाऊ कुत्रा नही, लांडगा शे!"

भाचा चिडला. मी म्हणतो, बाबांनी त्या जातीची कुंडलीच मांडली.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेलगत, नॉर्थम्बरलँडात 1893 साली अ‍ॅडम टेल्फरकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, आई मेग बुजरी पण नजरेची जबर. हेम्प न भुंकता नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. मग जो तो आपली कुत्री त्याच्याकडे न्यायला लागला. आजच्या बहुतेक कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी पोचते. 'बॉर्डर कॉली' हे नाव मात्र 1915 चं. हेम्प 1901 लाच गेला, त्यामुळे आपली जात कोणती हे बिचाऱ्याला कळलंच नाही!

ती नजर म्हणजे लांडग्याची शिकारच. दबा धरायचा, घेरायचं. शेवटचा चावा तेवढा माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून गाळला. तिकडे लांडगे संपून शतकं लोटली, डोंगरावर पांगलेल्या मेंढ्या गोळा करणं एवढंच कुत्र्याचं काम उरलं. आपल्याकडे लांडगा अजून आहे. मेंढ्या वळायला ठेलारी स्वतः खंबीर आहे. त्याला कुत्रा हवा तो रात्री मेंढ्यांच्या वाड्यावर, राखणीला. मेंढ्यांतच वाढलेला, त्यांना न बुजवणारा. त्या कुत्र्याला 'गावठी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. दोघांनाही कामानेच घडवलं. एकाचं नाव वहीत चढलं, इतकंच.

बाबांचा कुत्रा सगळा वेळ बांधावर पाय ताणून पडला होता. भाचा हसून म्हणाला, "हा तर झोपलाय!"

बाबांनी कॉलीकडे बघत विचारलं, "आनि हाऊ रातले काय करस?"

"झोपतो. एसीत."