'दो बिघा जमीन' गावागावात दाखवा राजेहो

उलंगवाडी झाल्यापासून, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यापासून, रात्री जेवण झालं की मी जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर पाहून राहिलो, मोबाईलवरच. लय दिवसांपासून लिहायचं होतं, पोस्ट लांब होईल पण वाचा.

बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' १९५३ चा आहे. शंभू नावाचा कास्तकार. जमीनदाराला मिल टाकायची असते आणि याचा तुकडा नेमका मध्ये येतो, शंभू विकायला नाही म्हणतो, मग निघते कर्जाची वही. शंभूच्या हिशेबानं देणं ६५ रुपये, तो घरातलं किडूकमिडूक विकून पैसे घेऊन जातो तर वहीत निघतात २३५! कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते अन् हा माणूस कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढायला लागतो. आता सांगा, यातलं काय आमच्या यवतमाळ-वाशिमकडे समजावून सांगा लागते? आबाजी बाजूला बसून पाहत होते, हिंदी त्यांना जेमतेमच कळते, पण २३५ चा आकडा आला तसे म्हणाले, "पाय, सावकाराचं असंच रायते." मग शेवटपर्यंत उठले नाही.

बलराज साहनी इंग्रजीत एमए झालेला, लंडनला बीबीसीत काम केलेला माणूस. पण या रोलसाठी तो कलकत्त्यात खरोखर रिक्षा ओढायला शिकला, आणि ते त्याच्या पायांत दिसते, खांद्यांत दिसते. रंग नसल्यानं नजर इकडेतिकडे जातच नाही, चेहऱ्यावरच राहते. घाम, सुरकुत्या, डोळ्यातली लाज, सगळं दिसते.

मग प्रभात फिल्म कंपनीचे पाहिले. शांतारामबापूंचा 'कुंकू', १९३७ चा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली पोरगी त्याला नवरा मानायलाच तयार नाही! त्यात पार्श्वसंगीत नाही, त्या घरातले आवाज तेवढे. आणि 'शेजारी', १९४१. जिवबा पाटील अन् मिर्झा, जन्माचे दोस्त, धरणाच्या पायी त्यांच्यात भांडण लावल्या जाते. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार, आणि हिंदीत हिंदू ठाकूर झाला मजहर खान. त्या काळात हे मुद्दाम केलं, किती मोठी गोष्ट आहे ही.

दोस्त म्हणतात हे पिक्चर स्लो आहेत. मला नाही पटत. माणूस कर्जात हळूहळूच जाते ना, ते दोन मिनिटांच्या गाण्यात कसं दाखवाल? आजच्या पिक्चरमध्ये कास्तकार आला तरी एक तर फास घेते नाहीतर भाषण देते, त्याचा हिशेब कोणी दाखवत नाही. शंभूचा पैसा न् पैसा आपल्याले माहीत असते.

अन् हे पिक्चर शहरातल्या फिल्म क्लबवाल्यांपुरतेच काहून राहावं? गावात दुर्गादेवीसमोर ऑर्केस्ट्राला पैसे निघतात, तर एक रात्र प्रोजेक्टर अन् पांढरा पडदाही निघू शकते. आमच्या मंडळात मी विषय काढला आहे, पोरं तयार होऊन राहिली. पहिला 'शेजारी' लावायचा, मराठी आहे, म्हाताऱ्या बायांनाही समजते. कोणाजवळ चांगली प्रिंट असन तर इनबॉक्स करा.