मासे संकट अंगावर घेत नाहीत, अमोनियाने मरतात

रामनवमीला दुपारी धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, तीन मासे गेले गं. पोरगं सकाळपासून रडतंय. पण सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, घरावर काहीतरी येणार होतं ते त्यांनी अंगावर घेतलं."

पाडव्याला हौसेने टाकी मांडली होती तिने. दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद, एक फूट उंच. आत नऊ गोल्डफिश, झाडांच्या दोन जुड्या आणि एक लकी बांबू. हे असं मांडायला कुणी सांगितलं, विचारलं तर तिने मला एक मेसेज पाठवला. तो मला आधीच चार ग्रुपवर येऊन गेलेला. घरात जिवंत झाडांचं मत्स्यालय ठेवण्याचे सात नियम: एक, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊच मासे ठेवा. दोन, खरी झाडं असली की फिल्टर, पंप काही लागत नाही. तीन, दर रविवारी सगळं पाणी काढून टाकी आणि दगड नळाखाली धुवा. चार, लाइट दिवसरात्र चालू ठेवा. पाच, मासे वर येऊन तोंड उघडू लागले की भुकेले समजा, खाणं वाढवा. सहा, मासा मेला तर संकट टळलं समजून त्याच दिवशी नवा आणा. सात, एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) सोडा, तो टाकी साफ ठेवतो.

मी सहाव्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त मासे या नियमाने मारलेत. बाकीचे नियम चुकले तर निदान मासा मेल्यावर माणूस विचारतो, काय चुकलं? हा नियम ते विचारूच देत नाही. मेला, बरं झालं, दुसरा आणा. दुसरा त्याच पाण्यात येतो आणि तोही चार दिवसांत जातो. श्रद्धेशी माझं भांडण नाही. बहिणीच्या सासूबाईंनी ते मायेपोटी, नातवाला गप्प करायला म्हटलं, हेही मला कळतं. पण सात वर्षांच्या मुलाला आपण काय शिकवतोय? आपल्या हलगर्जीपणाने जीव गेला तर त्याला शुभ म्हणायचं?

संध्याकाळी पाण्यातला अमोनिया तपासायचं टेस्ट किट घेऊन तिच्याकडे गेले. किटच्या नळीत पाच मिली पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. अमोनिया नसेल तर ते पाणी पिवळं राहतं. भाच्याच्या डोळ्यांदेखत ते गर्द हिरवं झालं. उरलेले सहा मासे वरच्या कडेला तोंडं लावून होते, कल्ले लालभडक. त्यांना भूक नव्हती, श्वास घेता येत नव्हता. आणि पाचव्या नियमाप्रमाणे घरच्यांनी दोन दिवस दुप्पट खाणं घातलं होतं. न खाल्लेले दाणे खडीत कुजत पडलेले. म्हणजे विषात आणखी विष.

प्रकार साधा आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, कुजणारं खाणंही अमोनिया देतं. नदीत तो वाहून जातो, विरतो. टाकीत तो साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे जिवाणू असतात, पण ते नव्या काचेत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, झाडांच्या पानांवर त्यांना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. याला सायकलिंग म्हणतात. त्यात आपल्याकडे बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा जड, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आठच्या आसपास. २५ अंश तापमानाला पीएच सातऐवजी आठ असेल तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो आणखी वाढतो आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. पाडवा ते रामनवमी, नऊ दिवस. तीस लिटरसुद्धा धड नसलेल्या पाण्यात नऊ गोल्डफिश. यात दैवी काही नाही.

आता दुसरा नियम. इथे थोडं कबूल करावं लागेल, नाइलाजाने. झाडं अमोनिया शोषतात हे खरं आहे. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम (अमोनियाचंच पाण्यातलं रूप) आधी उचलतात, हे त्यांनी जुन्या संशोधनांच्या आधारे मांडलं. 'फिल्टर नको' ही गोष्ट फिरत फिरत बहुधा तिथूनच आली असावी. पण त्यांची टाकी बघा. तळाला इंचभर कुंडीतली माती, तिच्यावर खडीचा थर, आणि पहिल्याच दिवसापासून तळ झाकून टाकतील इतकी भराभर वाढणारी झाडं. मासे बेताचे. मेसेजवाल्याने यातलं सगळं गाळलं, फक्त 'फिल्टर नको' तेवढं उचललं. दोन जुड्या म्हणजे वॉलस्टॅडची टाकी नव्हे. शिवाय दिवे गेले की झाडंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात. म्हणूनच गच्च भरलेल्या टाकीत मासे पहाटे वर आलेले दिसतात. पहिलीच टाकी असेल तर दीड-दोनशे रुपयांचा स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप लावाच.

आणि तो लकी बांबू. तो बांबू नाही, ड्रॅसिना आहे, पाणवनस्पती तर मुळीच नाही. मुळं पाण्यात आणि पानं बाहेर असतील तर जगतो. बहिणीने तो अख्खा बुडवला होता, देठ खालून पिवळा पडून मऊ झाला होता. हात लावला तर बोटाला बुळबुळ आणि कुजका वास. तोही अमोनियातच भर घालत होता. दुकानात विचारून घ्या की झाड खरंच पाण्याखाली जगतं का. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न, अनुबियास ही खात्रीची. पहिल्या तीन प्रकारच्या वनस्पती तर आपल्याच देशातल्या पाण्यात वाढतात. फक्त जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड खडीत गाडू नका, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. गाडलं की कुजतं. क्रिप्टोकोरीनची पानं नव्या पाण्यात वितळतात, तेव्हा उपटून फेकू नका. मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात.

तिसरा नियम म्हणजे जिवाणूंची वस्ती दर रविवारी नळाखाली धुऊन काढणं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारायलाच तर घातलेलं असतं. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नवं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब घालून, जुन्याच्याच तापमानाचं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

बाकीचं पटकन. लाइट सहा ते आठ तास पुरे, चोवीस तास ठेवलात तर शेवाळाने काच दिसणार नाही. गोल्डफिश कोवळी झाडं खातो, वीतभर वाढतो, त्याला थंड पाणी आणि मोठी जागा लागते. झाडांच्या छोट्या टाकीत तो एकही नको, मग नऊ कुठले. सकर फूटभर होतो, माशांची विष्ठा खात नाही, स्वतः ढीगभर करतो. मोठा झाला की लोक तो तलावात नेऊन सोडतात, आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. कृपा करून कुठलाच मासा नदी-तलावात सोडू नका.

बहिणीकडचे सहा मासे त्याच रात्री बादलीतून ओळखीच्या एकांच्या गच्चीवरच्या हौदात गेले. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी घेतली, पन्नासेक लिटरची. आधी झाडं, फिल्टर, आणि त्या फिल्टरला माझ्या टाकीतल्या जुन्या स्पंजचा तपकिरी, मळका तुकडा बांधला. मासे शून्य. रोज चिमूटभर खाणं आत टाकायचं, जिवाणूंसाठी. भाचा रोज शाळेतून आला की नळी भरायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत खडूने रंग भरायचा. आठवडाभर हिरवे, मग पोपटी. तिसऱ्या आठवड्यानंतर पिवळे. नायट्राइट शून्यावर यायला आणखी दहा दिवस गेले. त्यानंतर सहा झेब्रा डॅनिओ, म्हणजे छोटे पट्ट्यांचे मासे, आणले. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडले. पुढचे मासे, प्लॅटी, पंधरा दिवसांनी आणायचेत, तोवर कॅलेंडर चालूच आहे.