मूळचे कोण ते उंदरांना विचारा

आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, मूळ गोंयकार कोण नि भायले, म्हणजे बाहेरचे, कोण. निमित्त पोगो (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन) बिलाचं, म्हणजे ज्यांचे आईबाप किंवा आजा-आजी १९६१ च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मले तेच गोंयकार, अशी रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षवाल्यांची मागणी.

इकडे ऑकलंडमध्ये ते वाचताना मला किओरे आठवतो. किओरे म्हणजे छोटा पॅसिफिक उंदीर, याला काय समुद्र पोहून येता येत नाही, माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, पूर्वजांनी होडीतून आणला, खायचेपण त्याला. आणि नंतर गोऱ्यांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांशी याचा संकर होत नाही, त्यामुळे वंश जसाच्या तसा राहिला. म्हणजे हे उंदीर जिथून आले तिथूनच माणसं आली. संशोधक लिसा मॅटिसू-स्मिथ यांनी नव्वदच्या दशकात बेटाबेटांवरच्या किओरेंचा आईकडून येणारा डीएनए जुळवला, पूर्वजांच्या हाडांना हात लावायची गरजच नाही! न्यूझीलंडच्या उंदरांत इतके मातृवंश निघाले की एकच होडी भरकटत येऊन लागली हे काही पटेना, लोक पुन्हा पुन्हा येत होते. मग २००८ मध्ये उंदरांनी कुरतडलेल्या बियांचं वय काढलं, ते साधारण इ.स. १२८० च्या मागे जाईना.

म्हणजे माओरींना येऊन साडेसातशे वर्षंच झाली. 'मग तेपण भायलेच की' म्हणणारे इथेही भेटतात, नाही असं नाही. पण माओरी माणूस स्वतःची ओळख देतानाच पूर्वज कुठल्या होडीतून आले ते अभिमानाने सांगतो. आम्ही सारस्वतपण सांगतो ना, सरस्वतीच्या काठावरून आलो म्हणून, आणि लगेच दुसऱ्याला घाटी म्हणायला मोकळे. अरे, आपल्या गोव्यातच उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर बैल कोरलेत त्यांना वशिंड आहे, आपल्या गोव्याच्या श्वेता कपिला जातीच्या गाईलाही आहे, आणि वशिंडाची गुरं माणसाळली ती सिंधूच्या बाजूला, सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी. गाय तरी कुठे मूळची गोव्याची?

डोंगर कापून व्हिला उठतायत, शेतं बुजवतायत, ही तक्रार शंभर टक्के खरी आणि माझीपण आहे. पण ती जमीन विकणारा बहुतेक वेळा आपलाच असतो, झोन बदलून देणारा पण आपलाच, दोघांचेही आजे १९६१ च्या आधीचे. बिल पास झालं तरी ते दोघे पहिल्या रांगेत बसणार. आणि ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने मूळ मूळ करणारा आमचा दोस्त सध्या इंग्लंडात स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर.