मागायची सोय असलेलं नेटवर्क

मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि दापोली तालुक्यात आमच्या वाडीत राहूनच लिहिते. त्यामुळे दर गणपतीला मुंबईहून आलेलं कुणी ना कुणी मला म्हणतंच, "आपल्या गावासाठी एखादं अ‍ॅप कर की. सगळी माणसं एकत्र येतील." याचं माझं उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माणसं एकत्र आहेतच. वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, भावकीचा वेगळा, मुंबई मंडळाचा वेगळा, महिला मंडळाचा वेगळा, दहावीच्या बॅचचा वेगळा. सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतात, कुणी गेलं की हात जोडलेल्यांची रांग लागते. हे सगळं मनापासून असतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण याच ग्रुपवर आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, दिवसांत वाडीतल्या एका काकूंनी विचारलं होतं, घर शाकारायला माणूस मिळत नाही, कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. काकू एकट्या असतात, मुलगा नालासोपाऱ्याला. त्यांच्या मेसेजनंतर थोड्याच वेळात कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो आले आणि अभिनंदनांच्या खाली काकूंचं छप्पर दिसेनासं झालं. यात वाईट कुणीच नव्हतं. ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, दुसरं कुणीतरी बघेल.

आपण वापरतो ती बहुतेक नेटवर्कं दाखवण्यासाठी बांधलेली आहेत. काही मागायचं असेल तर त्यांत धड जागा नाही. आणि कोकणात राहून मला जे दिसतं ते असं, की नातं मागण्यावर चालतं. जरा शिडी द्या. आईला दवाखान्यात न्यायचंय, गाडी काढता का? उद्या लावणीला दोन माणसं पाठवा. मागणारा तुमच्यावर भार टाकतो आणि त्याच वेळी तुम्हालाही पुढेमागे मागायची मुभा देतो. आज आम्ही तुमच्या खाचरात, परवा तुम्ही आमच्या, हा हिशोब कुणी वहीत लिहीत नव्हतं आणि विसरतही नव्हतं. लावणीच्या पद्धती बदलल्या, निम्मी खाचरं ओसाड पडली, तशी ही मागणी कमी झाली. शेजारी कायम आहेत, पण एकमेकांच्या घरी जायला कारण उरलेलं नाही.

ही नेटवर्कं दाखवण्यापुरतीच का झाली, हे समजून घ्यायला हवं. फेसबुक २००४ साली सुरू झालं. सप्टेंबर २००६पर्यंत मित्राचं काय चाललंय ते बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागे. मग न्यूज फीड आली आणि सगळ्यांचं सगळं आपल्यासमोर आपोआप येऊन पडायला लागलं. फेब्रुवारी २००९मध्ये लाइकचं बटण आलं. ज्यांनी ऑर्कुट हे जुनं नेटवर्क वापरलंय त्यांना स्क्रॅप आठवत असेल. ते एका माणसाने एका माणसाच्या भिंतीवर जाऊन लिहिलेलं असायचं, आणि उत्तर द्यायला शब्द लागायचे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. तोवर अंगठा दाखवला की उत्तर झालं, ही सवय सगळीकडे रुजली होती.

जानेवारी २०१८मध्ये फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी जाहीर केलं, की फीडमध्ये आता कुटुंब आणि मित्र यांच्यातल्या अर्थपूर्ण देवाणघेवाणीला आधी जागा मिळेल. हेतू चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण अर्थपूर्ण काय, हे मोजायचं कसं? त्यांनी प्रतिसाद मोजले. त्याआधी, २०१७पासूनच, रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजी प्रतिसादांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलेलं होतं. २०२१मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीतली कागदपत्रं बाहेर आणली, तेव्हा कळलं की भांडण लावणारा मजकूर यामुळे वर येतोय, हे आतल्याच लोकांनी लिहून ठेवलं होतं. रागाच्या चेहऱ्याचं वजन २०२०मध्ये शून्यावर आणलं गेलं. मी याच धंद्यातली आहे, म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. जे मोजाल तेच वाढतं. आणि मिळकत जाहिरातींची असेल, तर माणूस पडद्यासमोर किती वेळ बसला हे मोजावंच लागतं.

शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आज या वाडीत, उद्या त्या वाडीत, क्रम ठरलेला. ज्याच्या घरी मोठा मंडप तिथे दोनदा आणि ज्याचं दार अंधारात तिथे एकदाही नाही, असं केलं तर गाव उठेल. फीड मात्र नेमकं तेच करते. जो गाजतो त्याच्याच दारात पुन्हा पुन्हा जाते. शांत माणसाच्या घरावरून ती कधी जातच नाही, आणि तो आपल्या यादीत आहे हेही आपण हळूहळू विसरतो.

यावर एक उपाय सुचवला जातो, नेटवर्क लहान ठेवा. रॉबिन डनबार या संशोधकांनी १९९२मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घातली, त्यातून माणसाला साधारण दीडशे नाती सांभाळता येतात असा अंदाज निघाला. वाद त्यावर बरेच आहेत, पण आमच्या वाडीएवढाच तो आकडा आहे. २०१०मध्ये 'पाथ' नावाचं एक अ‍ॅप आलं होतं, त्यात मुळात पन्नासच मित्र ठेवता येत. दिसायला फार सुंदर होतं. २०१८मध्ये ते बंद पडलं. बंद पडण्याची कारणं अनेक असतात, पण मला त्यात उणीव दिसते ती ही, की पन्नास माणसांतही ते फोटो आणि क्षण दाखवण्यासाठीच होतं. कमी लोकांना दाखवलं म्हणून दाखवण्याचं दुसरं काही होत नाही.

आपल्याकडे तर दूरच्या माणसाशी नातं ठेवण्याची मोठी रीत होऊन गेली आहे. गिरणीत गेलेली माणसं लालबाग-परळला गावच्या माणसांच्याच खोलीत राहायची. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. गावाला निघालेला माणूस एकटा जायचा नाही, त्याच्याबरोबर अख्ख्या खोलीची कामं जायची. याच्या आईला पैसे, त्याच्या बायकोला लुगडं, तिसऱ्याच्या घरी निरोप की बैल इतक्यात विकू नका. परत येताना कुळीथ, तांदूळ, फणसपोळी, आणि पोराला कुठेतरी चिकटवा अशी गळ. पत्रं लिहिणारा एक, वाचून दाखवणारा एक. त्या पत्रांत ख्यालीखुशाली दोन ओळी आणि कामं दोन पानं असायची. माझ्या आजीकडची पत्रं मी वाचली आहेत. 'तुझी आठवण येते' असं एकातही नाही. बारा महिन्यांची कामं मात्र एकमेकांवर सोपवलेली आहेत, आणि ती माणसं एकमेकांना किती धरून होती हे त्यावरून स्पष्ट दिसतं.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडही त्यात झोडपून निघालं. वीज गेली, टॉवर पडले, रेंज गेली. लॉकडाऊन असल्यामुळे मुंबईचं कुणी यायचीही सोय नव्हती. तिकडे सगळे फोन लावून लावून वेडे झाले होते. आमच्याकडचा एक मुलगा वही घेऊन घरोघर गेला. प्रत्येक घराची एक ओळ: माणसं ठीक, पडवीवर माड पडलाय. माणसं ठीक, कौलं गेली, दोन ताडपत्र्या हव्यात. आजोबांची बीपीची गोळी संपलीये, पट्टीचं नाव असं असं. मग पडलेल्या झाडांतून वाट काढत तो रेंज मिळेल तिथवर गेला आणि ती पानं फोटो काढून मुंबई मंडळाला पाठवली. उत्तरात कुणी अंगठा दाखवला नाही. कोण ताडपत्री पाठवतोय, कोण गोळ्या, कोण पैसे, ते त्या पानांवरच्या ओळींपुढे लिहून आलं. मी अनेक सॉफ्टवेअरं पाहिली आहेत. इतकं चांगलं नेटवर्क मी दुसरं पाहिलेलं नाही.

मला बांधायचं आहे ते या वहीसारखं. दिवसातून एकदा, संध्याकाळी, एकच पान यावं. त्यात आज कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय द्यायला आहे. शेवटी पान संपावं. खाली ओढत राहिलं तर पुढे काही नसावं. मागणी एकदम चारशे जणांकडे जाऊच नये. आधी ती पाच-सहा जणांना जावी, जे जवळ राहतात किंवा ज्यांना ते काम येतं. त्यांच्यापैकी कुणी "मी बघते" म्हणालं नाही, तरच पुढच्यांकडे. चारशे जणांना विचारलं की कुणालाच विचारल्यासारखं होतं, हे काकूंच्या छपराने दाखवून दिलंय. दुसऱ्याच्या वतीने मागता यायला हवं, कारण आपल्याकडची माणसं स्वतःसाठी तोंड उघडत नाहीत, शेजारणीसाठी लगेच उघडतात. टाइप न करता बोलून सांगता यावं, आपल्या बोलीत. रेंज नसेल तर साध्या एसएमएसवर चालावं, आणि तेही नसेल तर पान छापून देवळात लावता यावं. कुणी किती मदत केली याची यादी कुठेही दिसू नये. ती दिसली की मदतही दाखवण्याची गोष्ट होते.

आणखी एक, जे मला सगळ्यात जवळचं आहे. म्हाताऱ्या माणसांची विचारपूस सगळे करतात, त्यांच्याकडे मागत कुणी नाही. काकूंना आमसुलं कशी घालायची ते येतं, शिमग्याची जुनी गाणी येतात, कुठल्या आगराची हद्द कुठे हे त्यांना तोंडपाठ आहे. नेटवर्कने त्यांच्याकडे मागणी पाठवायला हवी. ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही तो माणूस घरात असूनही एकटा पडतो.

असं कुठे चालतं का, असं विचाराल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फ्रंट पोर्च फोरम म्हणून आहे. एका जोडप्याने बर्लिंग्टन शहरात आपल्या शेजाऱ्यांपुरतं ते सुरू केलं, २००६मध्ये त्याचं रीतसर रूप झालं, आता राज्यभर आहे. खरं नाव लागतं, आपापल्या वस्तीपुरतंच दिसतं, बहुतेक ठिकाणी दिवसाला एक पत्र येतं, आणि छापण्याआधी प्रत्येक मजकूर एक माणूस वाचतो. जाहिराती आहेत, पण बऱ्याचशा गावातल्याच दुकानांच्या. २०११मध्ये आयरीन वादळाने त्या भागात पूर आणला, तेव्हा लोकांनी एकमेकांना मदत पोचवायला तेच वापरलं. आपण घरटी वर्गणीवर सप्ताह, गणपती, सभामंडप चालवतो. संध्याकाळचं एक पान का चालवू शकणार नाही?

आता जे बोलायला मंडळात लोक कचरतात ते. गावकी ही काही सगळ्यांसाठी गोड आठवण नाही. बैठकीत बायका मागे बसतात किंवा बसतच नाहीत. काही गावांत काही घरांपुढे पालखी थांबत नव्हती. आणि गावकीने घर वाळीत टाकलं, की पाणी, किराणा, मयताला खांदा, सगळं बंद. रायगड जिल्ह्यातून अशी प्रकरणं एकामागून एक पुढे आली. महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७पासून लागू झाला, यामागे ही प्रकरणंही आहेत. लहान, जवळचं, एकमेकांवर अवलंबून असलेलं जाळं एका माणसाचा गळा किती सहज आवळू शकतं, हे आपल्या किनाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून या नेटवर्कवर खातं घराचं नसेल, माणसाचं असेल. सुनेचं वेगळं, सासूचं वेगळं, भाड्याने राहणाऱ्या नेपाळी राखणदाराचंही वेगळं. मजकूर वाचणारी माणसं पाळीने बदलतील, त्यांत निम्म्या बायका असतील, आणि कुणालाही काढून टाकायचा अधिकार एकट्या माणसाच्या हातात नसेल. कुणाची मागणी वारंवार रिकामी परत येत असेल, तर ते वाचणाऱ्यांना आपोआप कळेल, म्हणजे गुपचूप टाकलेला बहिष्कार लपणार नाही. सोडून जायचं असेल तर कुणाला न सांगता जाता येईल. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०२२मध्ये ग्रुप सोडल्याचं सगळ्यांना कळवणं थांबवलं, ते योग्यच केलं. या अटी मान्य नसतील तर मी हे बांधणार नाही. मग ग्रुपवरची फुलं आणि केक बरे, त्यांनी निदान कुणाचं पाणी तोडलेलं नाही.

यशस्वी झालं की नाही हे मी कशावर ठरवेन? किती मागण्या पुऱ्या झाल्या यावर, आणि त्या पुऱ्या करताना किती जण एकमेकांच्या पडवीत जाऊन आले यावर. अ‍ॅप कुणी किती वेळ उघडं ठेवलं याची नोंदच ठेवणार नाही.

येत्या गणपतीत मंडळाच्या सभेत मी हे मांडणार आहे. त्याआधी मला तीन गोष्टी हव्या आहेत. जुन्या, कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर चालेल असं लिहिणारं कुणी आपल्या पंचक्रोशीतलं असेल, तर मला कळवा. महिला मंडळातल्या दोघी-तिघी हव्यात, ज्या रोज संध्याकाळी अर्धा तास मजकूर वाचून मार्गी लावतील. त्या दोघी-तिघींशिवाय मी सभेत उभी राहणार नाही. आणि काकूंच्या पडवीचा कोपरा अजून गळतोय. शाकारणीचं काम येणारा माणूस कुणाच्या ओळखीत असेल, तर याच आठवड्यात मला फोन करा.